आधी वास घ्या

उकंडराव एखाद्याच्या घरी रेडिओ दुरुस्त करायला गेले, की आधी घरातल्या सगळ्यांना बोलावून रेडिओचा वास घ्यायला लावत. सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना. म्हातारे, कर्ते, लेकीसुना, दिवाणजी, पाणी भरणारा गडी, कोणी सुटायचं नाही. रेडिओ चालू करायचा, पाठीमागचा पुठ्ठा काढायचा आणि हात बांधून बाजूला उभं राहायचं.

"या जी, एकेक जण या. आंदी वास घ्या. मंग म्या पेचकस लावतो."

या एका वाक्यापायी मी किती गिऱ्हाइकं गमावली, ते मला आता आठवायचंही नाही. एका निवृत्त तहसीलदारांनी तर मला दुकानात येऊन विचारलं होतं, "तुमचा मिस्त्री माझ्या बायकोला रेडिओ हुंगायला लावतो, हे तुम्हाला माहीत आहे का?" माहीत होतं. मी त्यांची माफी मागितली, चहा मागवला, आणि ते गेल्यावर उकंडरावांवर ओरडलो. उकंडराव कथलाचा डाग देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाईले इचारल्याबिगर वास कसा समजंल, भाऊ? माणसाइले नाक कोठी असते? माणूस म्हनते, 'आवाज बसला'. बाई म्हनते, 'दूध उतू गेल्यावानी वास येते'. मले आवाजाशी काय करा लागते?"

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, लढाई चालू होती, आणि अमरावतीत ज्याच्या घरात वीज आणि चार पैसे होते त्याला बातम्या ऐकायला रेडिओ हवा होता. आमचं दुकान भागीत होतं. मी ग्रामोफोन आणि रेडिओ विकायचो, उकंडराव ते दुरुस्त करायचे. गोड बोलायचं खातं माझ्याकडे होतं. त्यांच्याकडे ते नव्हतंच.

उकंडा हे नाव त्यांना कसं पडलं, ते ते स्वतःच सांगत. त्यांच्या आधीची तीन भावंडं दगावली. म्हणून हे जन्मल्याबरोबर आईनं त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीनं उचलून परत आणून दिलं, आणि देवाला वाटावं की हे टाकाऊ पोर आहे म्हणून नाव उकंडा ठेवलं. जात माळ्याची. बापाचा भाजीचा मळा गावाबाहेर होता. मुळे, मेथी, वांगी, थोडी शेवंती. उकंडराव तरुणपणी सरकी काढायच्या एका जिनात विजेच्या कामाला लागले, तिथून मोटारी, तिथून रेडिओ. इंग्रजी वाचता येत नव्हतं. दुकानात दुरुस्तीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ते मी वाचून अर्थ सांगायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एकदा पुस्तक संपत आल्यावर म्हणाले, "येवढं जाड पुस्तक, आन यात एकही वास नाही लिहिला. लिहिणाऱ्याले पडसं होतं काय?"

मीटर त्यांच्याकडे होतं, पण ते त्याच्याकडे सासरेबुवांकडे पाहावं तसं पाहायचे. खरं काम नाकाचं. आणि ते वासांना नावं द्यायचे ती बाजारातली आणि चुलीजवळची. कागदी कंडेन्सर फुटून त्याचं मेण वितळलं, की "समई इझली". ट्रान्सफॉर्मर आतून जळायला लागला, की "डांबर". पावसाळाभर बंद पडलेला सेट पहिल्यांदा चालू केला आणि तापल्या व्हॉल्ववरची धूळ भाजली, की "काही नाही, फुफाटा हाय, राहू द्या". आत उंदरानं घाण केली असली तर ते एकदम सौम्य व्हायचे आणि म्हणायचे, "पाहुना येऊन गेला."

मुळ्याची गोष्ट मी विसरणार नाही. खेड्यांत वीज नव्हती, त्यामुळे अंजनगाव सुर्जीकडचे, बाळापूरकडचे रेडिओवाले बॅटऱ्या भरायला आमच्याकडे पाठवत. त्या भरायच्या यंत्रात सेलेनियमच्या पत्र्यांची एक चळत होती. विजेची उलटसुलट धार एका दिशेनं वळवायचं काम ती करते. एका दुपारी मी एका कापसाच्या व्यापाऱ्याला दुकानातला सगळ्यांत भारी सेट दाखवत होतो. माणूस पाघळला होता. हात खिशाकडे गेलेला मी पाहिला होता. इतक्यात उकंडराव आतून ओरडत आले, "बाहेर व्हा! मुळा सडला! सगळे बाहेर व्हा!" आणि त्यांनी त्या व्यापाऱ्याला दंडाला धरून रस्त्यावर ओढलं. त्याची टोपी दुकानातच राहिली.

मागोमाग वास आला. खरोखर सडक्या मुळ्याचा, आठ दिवस पाण्यात पडलेल्या मुळ्याच्या पाल्याचा. सेलेनियमचे पत्रे जळाले होते.

"माह्या बापानं जलमभर मुळे इकले," उकंडराव रस्त्यावर उभं राहून व्यापाऱ्याला समजावत होते. "सडका मुळा म्या अर्ध्या कोसावरून वळखतो. पन हा मुळा वंगाळ हाय जी, याची वाफ आंगात गेली तर जीव घाबरा होते."

व्यापाऱ्यानं टोपी मागून घेतली आणि गेला. परत आला नाही. दुकानाला आठ दिवस तो वास राहिला. उकंडरावांचं बरोबर होतं, तो धूर विषारीच असतो, हे मला नंतर कळलं. पण त्यांच्या बरोबर असण्याचा आम्हाला कधी काही फायदा झाला नाही, हे माझं दुखणं होतं आणि ते मी त्यांना रोज ऐकवत असे.

तंबूतल्या सिनेमाचंही तेच. ऐन गाण्यात हे उठून उभे राहिले. "मॅनेजरसाहेब, बंद करा, डांबर तापून राह्यलं!" मागच्यांनी शिव्या दिल्या, दोघांनी खांद्याला धरून बाहेर काढलं, मीही मान खाली घालून मागे गेलो. अर्ध्या तासानं आवाजाचं यंत्र जळून सिनेमा मुका झाला. मॅनेजर आमच्या दुकानात आला तो आभार मानायला नाही. यानंच आधी काहीतरी करून ठेवलं असणार, नाहीतर याला कसं कळलं, असं त्याचं म्हणणं होतं. उकंडरावांनी त्याला मुकाट्यानं नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला. मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही, इतका संताप आला होता मला.

पण सगळ्या घराला रांगेत उभं करून हुंगायला लावायची तऱ्हा तोवर नव्हती. ती लागली बापूसाहेबांच्या घरापासून.

बापूसाहेब मोठे असामी. दोन जिनं, काळ्याभोर जमिनी, आणि घर कडक माळकरी. अंडं तर सोडाच, एकादशीला घरात कांदा आला तरी गडबड व्हायची. त्यांचा रेडिओ मीच विकला होता. तो बैठकीत ठेवला होता आणि बैठकीच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. तिथं द्वारकाबाई नावाची बाई स्वयंपाकाला होती. विधवा, अंजनगावची माळीण, गळ्यात तुळशीची माळ. उकंडराव काही कामानं त्या घरी गेले, की "जेवून जा जी" म्हणणारी त्या घरात ती एकटीच. तिच्या हातच्या पिठल्याची तारीफ मी उकंडरावांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की मला त्या पिठल्याचा कंटाळा आला होता.

एका पावसाळ्यात त्या घरात मासळीचा वास यायला लागला.

रोज नाही. संध्याकाळी यायचा, थोडा वेळ राहायचा, जायचा. बापूसाहेबांच्या आईनं आधी मांजरावर संशय घेतला, मग गड्यांवर. पण वास यायचा तो संध्याकाळी, म्हणजे स्वयंपाकाच्या वेळी, आणि यायचा तो स्वयंपाकघराच्या भिंतीकडून. द्वारकाबाईची खोली होती भोयांच्या आळीला लागून, आणि भोई म्हणजे मासे धरणारे. झालं. घरातल्या बायका तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागल्या. संध्याकाळी बातम्यांसाठी रेडिओ लागतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मग एकादशी आली. मुंबईहून भजनं लागली होती, म्हणून दुपारपासून रेडिओ सुरू. तीन तास, चार तास. आणि एकादशीच्या दिवशी, चुलीवर फक्त भगर असताना, बापूसाहेबांचं अख्खं घर मासळीच्या वासानं भरून गेलं. पाहुणे बसलेले होते. बापूसाहेबांनी पाहुण्यांसमोर द्वारकाबाईला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "काय आणलं वं तू माह्या घरात?"  दिवेलागणीच्या आत तिला घराबाहेर काढलं. तिची भांडी वेगळी करून अंगणात मांडली आणि घर गोमूत्रानं धुतलं.

त्याच संध्याकाळी रेडिओ खरखरायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडरावांना बोलावणं आलं. ते गेले. त्यांना आदल्या दिवसाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी सेट उघडला, आणि त्यांना मागच्या बाजूची बॅकेलाइटची, म्हणजे त्या काळच्या कडक प्लॅस्टिकची, एक पट्टी तपकिरीची काळी पडलेली दिसली. तिच्यावरचा स्क्रू ढिला झाला होता. ढिल्या जागी वीज अडखळते, जागा तापते, आणि बॅकेलाइट मंद मंद शिजत राहतं. असं शिजणारं बॅकेलाइट मासळीसारखं वासतं. कोणाला खोटं वाटो, पण वासतं. मी स्वतः घेतला आहे तो वास. उकंडरावांनी पट्टी बदलली, स्क्रू आवळला, जुनी पट्टी खिशात टाकली. अर्ध्या तासाचं काम. निघताना सहज म्हणाले, "दोन-चार दिवस मासळीवानी वास येत असंल ना जी घरात? आता नाही येनार."

बापूसाहेबांची आई दारातून म्हणाली, "नाहीच येनार. जिनं आणला ती गेली ना काल."

उकंडराव दुकानात परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. पट्टी माझ्यासमोर ठेवून ते बसले आणि सगळं सांगितलं. मग म्हणाले, "भाऊ, म्या पुरावा दुरुस्त करून टाकला."

यातली गोम अशी होती. आदल्या दिवशी बाई गेली. दुसऱ्या दिवशी वास गेला. बापूसाहेबांच्या घराला याहून जास्त काय पाहिजे होतं? उकंडराव एक दिवस उशिरा गेले असते, किंवा पेचकस लावायच्या आधी घरातल्यांना रेडिओपाशी बोलावून एकदा वास घ्यायला लावला असता, तर बाई वाचली असती. त्यांनी काम चोख केलं होतं आणि त्या चोख कामानंच तिच्यावर शिक्का मारला होता.

ते तसेच उलट्या पावली बापूसाहेबांकडे गेले. बापूसाहेब हसले. रेडिओतून मासळी? पुढच्या आठवड्यात मी बरोबर गेलो आणि माझ्या गोड बोलण्यानं बापूसाहेब एकदा दाखवून द्यायला तयार झाले. उकंडरावांनी ओसरीवर स्टोव्ह पेटवला आणि चिमट्यात ती पट्टी धरली. घाईनं, घाबरून त्यांनी ज्योत मोठी केली. पट्टीतून भसकन काळा धूर निघाला.

"हा तर जळका वास हाय," बापूसाहेब नाकाला उपरणं लावून म्हणाले. "मासळी कोठी हाय यात?"

"ज्योत जास्त झाली जी. धीमं तपवा लागते. थांबा, थंडी होऊ द्या, आणखी एक डाव…"

"उकंडराव, तुमी रेडिओ पाहा. माह्या घरात काय शिजते ते मी पाहतो."

मग उकंडरावांनी विनवलं, की जुनी पट्टी फक्त तासभर रेडिओत परत बसवू द्या. "चांगल्या रेडिओत खराब माल घालू? पागल झाले का?" बापूसाहेबांनी विचारलं.  मी उकंडरावांना ओढत घरी आणलं आणि वाटेत त्यांना इतकं बोललो की मला आज लाज वाटते. ज्योत बारीक ठेवायला काय झालं होतं तुम्हाला, असं मी दहा वेळा विचारलं असेल.

त्यानंतर महिना-दीड महिना त्यांनी दुकानात दुसरं काही केलं नाही. कुठून कुठून मोडकं बॅकेलाइट जमवायचं आणि तापवायचं. ज्योतीवर, तव्यावर, वाळूत. शेजारचा मिठाईवाला भांडायला आला, त्याचं बरोबरच होतं. लढाईमुळे बाहेरचा माल बंद झालेला, एकेक सुटा भाग जपून ठेवायचे दिवस, आणि हा माणूस भाग जाळत बसलेला. शेवटी जमलं. पितळी डब्यात गरम राख, राखेत पट्टी, वर झाकण, तासभर तसंच. झाकण उघडलं आणि मी मागे सरलो. बाजाराच्या दिवशी भोयांच्या पाट्यांजवळून जावं तसा वास.

"चाला," उकंडराव म्हणाले, आणि डबा फडक्यात गुंडाळून निघाले. मी मागे.

बापूसाहेब अंगणात होते. उकंडरावांनी झाकण काढलं. वास पसरला. बापूसाहेबांचा चेहरा क्षणभर पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्यांना कळलं होतं. शपथेवर सांगतो, त्यांना कळलं होतं. आणि मग ते ओरडले, "डब्यात मासळी घालून आणली? माह्या दारात?"

"राख हाय जी! हात घालून पाहा!"

"गड्या, याले बाहेर काढ! आन आंगण धुवा!"

आमच्या पाठीमागे अंगणावर गोमूत्र शिंपडलं गेलं. वास नाही आला तर खोटा, आला तर त्यातही खोटा. असल्या माणसाला काय दाखवणार? पाहुण्यांसमोर बाईला हाकललं होतं, गावभर सांगून झालं होतं. बापूसाहेबांना मासळी पाहिजेच होती आता.

तेव्हापासून उकंडरावांनी नियम केला. आधी सगळ्यांनी वास घ्यायचा, मग पेचकस. कोणी हसो, कोणी चिडो. मी भांडून थकलो. आणि दुसरं म्हणजे त्यांनी बापूसाहेबांचा पिच्छा सोडला नाही. जिनात गाठायचे, लग्नाच्या पंगतीत शेजारी जाऊन बसायचे. "बापूसाहेब, ते द्वारकाबाईचं." पंगतीतले लोक माझ्याकडे पाहायचे, आणि मला वाटायचं भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. दर दोन-चार महिन्यांनी हे. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. लढाई संपली, इंग्रज गेले, उकंडरावांचे केस पांढरे झाले. बापूसाहेब "पाहू" म्हणून पुढे जायचे. मी म्हणायचो, "उकंडराव, सोडा आता." ते म्हणायचे, "कबूल करू द्या ना एक डाव. मंग सोडतो."

द्वारकाबाई केव्हाच अकोल्याला भावाकडे निघून गेली होती. अमरावतीत तिला कोणी चुलीजवळ उभं केलं नाही. भावाचा पत्ता आम्हाला माहीत होता, हेही इथंच सांगून टाकतो.

सातव्या वर्षी बापूसाहेबांचा गडी दुकानात आला. म्हणाला, घरात वास येऊन राह्यला, साहेबांनी बोलावलं. कसला वास, ते सांगायला तो तयार नव्हता.

आम्ही गेलो. आता स्वयंपाक बापूसाहेबांच्या थोरल्या सुनेकडे होता. तिच्यावर कोण संशय घेणार? उकंडरावांनी रेडिओ सुरू केला, पुठ्ठा काढला, स्क्रू पुन्हा ढिला होऊन नवी पट्टीही काळी पडलेली पाहिली, हात बांधले आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. त्या घरातली एकेक व्यक्ती पुढे येऊन वाकली, वास घेतला आणि मुकाट्यानं मागे सरली. सर्वांत शेवटी बापूसाहेब.

"कशाचा वास हाय जी?" उकंडरावांनी विचारलं.

बापूसाहेबांनी उपरणं सारखं केलं. मग खाली पाहून म्हणाले, "मासळीचा."

"आता द्वारकाबाईले दोन ओळी लिहून द्या."

"येवढ्या वर्सानं काय त्याचं आता? झालं ते झालं. तुमी रेडिओ दुरुस्त करा."

उकंडरावांनी पुठ्ठा परत लावला. चारही स्क्रू नीट आवळले. पिशवी उचलली आणि चालायला लागले. दुरुस्ती अर्धवट टाकून उठलेले मी त्यांना त्या एकदाच पाहिले. बापूसाहेबांनी चिठ्ठी लिहिली नाही, रेडिओ दुसऱ्या दुकानात पाठवला.

मला वाटलं होतं, उकंडराव खचतील. पण रस्त्यावर आल्यावर ते चक्क हसत होते. "चिठ्ठी नाही तं नाही. तोंडानं बोलला ना? तुमच्या समोर बोलला. चाला अकोल्याले. बाईले सांगू. हासन ती, पोट धरून हासन."

दोनच दिवसांनी आम्ही बडनेऱ्याहून अकोल्याची दोन-अडीच तासांची गाडी पकडली. उकंडरावांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. बापूसाहेबांनी कशी मान खाली घातली, ते गाडीभर मला पुन्हा पुन्हा करून दाखवत होते, जसा मी तिथं नव्हतोच.

द्वारकाबाईचा भाऊ फुलांचे हार करून विकायचा. आम्ही पोहोचलो तेव्हा ओसरीवर सगळं घर फुलांत बसलं होतं. शेवंती, झेंडू, केळीच्या पानात मोगरा. भाऊ, भावजय, दोन मोठ्या पुतण्या, सगळ्यांच्या हातात सुई-दोरा. द्वारकाबाई तेवढी भिंतीशी वेगळी बसली होती, हात पदराखाली घेऊन. खूप वाळली होती. उकंडरावांना तिनं ओळखलं. "या जी," म्हणाली, आणि पाणी द्यायला स्वतः न उठता भावजयीला सांगितलं.

उकंडरावांना कुठला धीर. पाणी पिता पिताच त्यांनी सुरुवात केली. बॅकेलाइट, ढिला स्क्रू, राखेचा डबा, बापूसाहेबांची सून, सगळं. मध्येच स्वतःच हसत होते. ती हसली नाही. फुलं ओवणारे हात एकेक करून थांबले. 

"रेडिओचा वास होता?" तिनं विचारलं.

"हो ना जी. रेडिओचाच."

"मंग माह्या हाताले वास नोता?"

उकंडरावांनी हातातला पाण्याचा लोटा खाली ठेवला.

"त्या घरातल्या सगळ्याइले वास आला," ती सावकाश सांगत होती. "दहा-बारा माणसं. पाहुने. येवढी माणसं खोटं कसं बोलतीन? मले येत नोता, मी चुलीपाशी, फोडणीत. मले वाटलं, आपला आपल्याले येत नसंल. भोयाच्या आळीत राहत होती, आंगाले लागला असंल. चिचेनं हात घासले, राखेनं घासले. हे घरचे म्हणतेत, 'बस, हार कर'. देवाच्या फुलाले कसा हात लावू?"

 भावजय डोळ्यांना पदर लावून बसली होती.

"नोता, बाई," उकंडराव कसंबसं म्हणाले. "तुमच्या हाताले कधीच नोता."

तिनं पदराखालून हात काढले. राखेनं घासून घासून त्यांची कातडी पांढरी, भेगाळ झाली होती. ते तिनं उलटेसुलटे करून पाहिले. मग सरकत सरकत शेवंतीच्या टोपलीपाशी आली. भावजयीनं सुई पुढे केली.

आम्ही फार वेळ बसलो नाही. मला तिथं बसवेना. सात वर्षं आम्ही बापूसाहेबांच्या मागे लागलो होतो. तिला तर माहीतच असणार, तिनं आणलीच नव्हती तर तिला काय सांगायचं, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. दोन पैशांचं कार्ड मीच लिहायला हवं होतं. उकंडरावांना लिहिता येत नव्हतं, मला येत होतं.

स्टेशनवर उकंडराव बाकावर बसले. गाडीला वेळ होता. शेजारी कोणीतरी विडी ओढत होता, समोर भजी तळणं चालू होतं. एरवी यांनी तेल कालचं आहे की परवाचं ते मला सांगितलं असतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून रुळांकडे पाहत होते.

"भाऊ," ते म्हणाले, "अमरावतीहून अकोला किती लांब हाय?"

ते त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.